शब्द, वाक्यासकट

३ मार्च

प्रिय दादास,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळं ठीक. वहिनीचा खोकला थांबला. मोरीचा नळ एकदाचा दुरुस्त झाला. तू तिकडे मुख्य कार्यालयात वेळेवर जेवतोस का, असं वहिनी रोज मलाच विचारते. जणू मी तुझ्या ताटापाशी बसलेय!

आता कामाचं. ‘झाली चूक, माफ करा, एवढी ओळ लिही, बाकी मी निस्तरतो,’ असं तू कळवलंस. तुझी माया कळते, दादा. माफी मागणार नाही.

केलं काय मी? हॉस्पिटलच्या नोंदणी-खिडकीवरच्या नोकरीसाठी बायकांची इंग्रजी शुद्धलेखनाची परीक्षा. नियम तुझा: बाईंनी शब्द दोनदा वाचायचा, वाक्य सांगायचं नाही. मी वाचलं, ‘वीक’. सगळी पेनं थबकली. वॉर्डातली मावशी म्हणाली, “बाई, आठवडा की अशक्त?”

अरे, ज्याला काहीच येत नाही त्याला हा प्रश्न पडतो का? दोन्ही स्पेलिंगं येत होती, म्हणून तर त्या अडल्या! पुढे ‘वेट’ होतं. वजन, की थांबा? मी सरळ प्रत्येक शब्द वाक्यात घालून वाचला. ‘पेशंट वीक आहे.’ पेनं धावली.

खिडकीपाशी आलेला माणूस एक सुटा शब्द फेकून गप्प उभा राहतो? तो पूर्ण बोलतो, रडत बोलतो, भांडत बोलतो. मग परीक्षाच मुकी का? माणसं गाळायचीच असतील तर तिला चाळणी म्हणा.

माझी नोकरी जाईल? जाऊ दे. पण मी ‘चूक’ म्हटलं की निकाल रद्द, आणि साऱ्याजणी परत फडक्या-बादलीकडे. चौकशीला येईन आणि हेच बोलेन. माझ्या आवाजाला माईक लागत नाही, तुला ठाऊक आहे.

एक गोष्ट मघापासून टाळतेय. पहिल्या आलेल्या बाईच्या अक्षराचं फोनवर केवढं कौतुक केलंस! ‘मोती आहेत, मोती!’ उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, नुसता क्रमांक. ती वहिनी होती, दादा. तिचा दुपारचा शिवणाचा क्लास म्हणजे माझाच इंग्रजीचा वर्ग.

तुला कळवू का, म्हणून तिलाच विचारलं.

“लिहा, वन्सं,” ती म्हणाली. “इतकी वर्षं सामानाच्या चिठ्ठ्या लिहून देतेय. ह्यांनी त्या वाण्यालाच दिल्या, वाचल्या कधी?”

निकाल रद्द करायचा तर कर. त्याआधी हे पाकीट पुन्हा एकदा हातात घे. पत्ता तिने लिहिलाय.

माफी न मागणारी, तरी तुझीच,
तोफ