पानांचा थर

सिरोंचा तालुका
१४ नोव्हेंबर २०२४

रंभावहिनींना धाकट्या दिराचा, देवाजीचा, नमस्कार.

माहेरी गोंडपिपरीला बऱ्या असाल. इथलं आपलं धान मी कापून खळ्यावर आणलं. तुमची शेळी व्याली, दोन करडं झाली, दोन्ही पाटी. फोन केला नाही म्हणून रागावाल. फोनवर तुमचा आवाज आला की मी हवापाण्याचंच बोलत बसतो, म्हणून कागद घेतला.

जीवाश्मांचा अभ्यास करणाऱ्या नंदिनी मॅडम सोमवारी येणार आहेत. त्यांना नदीकाठचे दगड झालेले ओंडके दाखवत हिंडतो म्हणून तुम्ही मला ‘दगडवाले साहेब’ म्हणून चिडवायच्या, त्याच. त्यांनी शिकवलं, की हे ओंडके पुरात लांबून आले. म्हणून त्यांना ना साल ना फांदी, आणि सगळे एकाच दिशेला निजलेले. पान मात्र एवढा प्रवास सोसत नाही. ते जवळच पडतं, संथ पाण्यात बुडतं, वर बारीक गाळ बसतो. लवकर झाकलं गेलं तरच टिकतं. मग कोट्यवधी वर्षांनीही त्याच्या शिरा मोजता येतात. हे लोकांना सांगताना मला फार मोठं झाल्यासारखं वाटायचं.

सप्टेंबरच्या पुराने काठ कापला आणि दरडीत तसा पानांचा थर उघडा पडला. उन्हात त्याचे पापुद्रे सुटतात, म्हणून ओला असतानाच काढून ओल्या पोत्यात गुंडाळावा लागतो. मॅडमने फोनवर बजावलं होतं, काठ वाळेपर्यंत दरडीखाली जाऊ नको. पण त्या यायच्या आत एक तरी पान काढून ठेवायचं, असं माझ्या डोक्यात बसलं. मुखरूभाऊला सोबत नेलं.

भाऊ म्हणाला, “देवा, वरची माती ओली हाय, राहू दे नं.”

“दोन मिनिटाचं काम हाय भाऊ, काऊन भेऊन राह्यला?” मीच म्हणालो.

वहिनी, भाऊ नदीत वाहून गेला नाही.

दरड त्याच्या अंगावर बसली. मी पोतं भिजवायला पाण्याजवळ गेलो होतो, म्हणून वाचलो. ढिगाऱ्यातून “देवा” अशी हाक आली. दोनदा. मी हातांनी उकरलं, नखं निघाली, मग गावाकडे पळालो. वाटेत मनात आलं, लोक म्हणतील ह्यानेच नेला. मॅडम म्हणतील, सांगूनही ऐकलं नाही. गावात पोचलो तेव्हा तोंडातून निघालं, भाऊ पाय घसरून धारेला लागला. सगळा गाव नावा घेऊन खालच्या अंगाला धावला. घरोघरी फावडी होती, वहिनी. माणसं होती. त्यांना मी नदीकडे पाठवलं. आठ दिवस मीही त्यांच्यासोबत नावेत बसून शोधत होतो. माझी मला किळस येते.

तुम्ही कुंकू पुसलं नाही. “तिकडं तेलंगणात कुठी तरी काठाले लागला असन, येईन तो,” म्हणालात. मी मान डोलावली.

सोमवारी मॅडम तोच थर उकरायला माणसं लावतील. तिथे काय सापडेल, हे मला त्यांच्याच शिकवणीतून कळतं. मनगटाला तुम्ही बांधलेला काळा दोराही कदाचित तसाच असेल. परक्या फावड्याला तो लागू नये.

मन्सूरभाईंच्या जीपने पत्र पाठवतो आहे. त्याच गाडीने या. तुम्ही आलात की पोलीस पाटलांकडे जाऊ. आधी तुम्हाला कळावं, एवढंच. माफी मागत नाही.

घरातली दोन्ही फावडी बाहेर काढून ठेवली आहेत.

हाक ऐकून पळालेला,
देवाजी