अप्पांचा प्रोग्राम सोडून

२ फेब्रुवारी, सोमवार
भूजलाचं मॉडेल पुन्हा कोसळलं. स्क्रीनवर तेच: अमुक पत्त्यावरची मेमरी वाचता आली नाही. सव्वीस तारखेला सेन्सेईंना, म्हणजे माझ्या प्राध्यापकांना, निकाल द्यायचे आहेत. त्यावर एप्रिलनंतरची नेमणूक, नेमणुकीवर व्हिसा. काळजीचं कारण नाही. संकल्प: पद्धतशीर शोध.

३ फेब्रुवारी
लॅबचे कॉम्प्युटर सांभाळणारे हिराओका-सान येऊन गेले. म्हणाले, दोन सॉफ्टवेअर मेमरीतल्या एकाच जागेवर हात घालत असणार. संस्थेचं सिक्युरिटी सॉफ्टवेअर सक्तीचं आहे, तेव्हा बाकीची एकेक काढून बघा. हे मला सुचलंच होतं. दुपारभर काढत बसले. मराठी कीबोर्ड, शब्दकोश, ट्रेनचं वेळापत्रक, हवामान. अप्पांचा प्रोग्राम सोडून सगळं.

तो काही सॉफ्टवेअर म्हणावा असा नाही. त्यातून अप्पांना मिरजेत माझी स्क्रीन दिसते, इतकंच. चौथीपर्यंत मी शाळेत गेले नाही, अप्पांच्या टेबलाशी शिकले. गणित चुकलं की ते मागून खाकरायचे. जपानला, त्सुकुबाला निघताना त्यांनी स्वतः तो माझ्या लॅपटॉपवर बसवून दिला. अधूनमधून बघत जाईन म्हणाले.

५ फेब्रुवारी
कोसळलं. म्हणजे सॉफ्टवेअर निर्दोष. रॅम खराब.

९ फेब्रुवारी
रॅम बदलली. कोसळलं. नवी रॅमही खराब असू शकते.
हिराओका-साननी पुन्हा विचारलं, तुमचं सगळं काढलंत ना? हो म्हटलं. मला खोटं बोलवत नाही, म्हणून घरी येऊन नीट विचार केला. त्यांनी माझं विचारलं होतं. प्रोग्राम अप्पांचा आहे.

१२ फेब्रुवारी, संध्याकाळी
कर्सर आपोआप डावीकडे सरकला. बघते तर तिथेच दशांश चिन्ह चुकलेलं. अप्पा बघतायत. रविवारी फोनवर ते याचा विषयसुद्धा काढत नाहीत, मला संकोच वाटू नये म्हणून.
चूक दुरुस्त केली. मॉडेल अर्ध्यावर जाऊन कोसळलं. लगेच विंडो बंद केली. त्यांना ते दिसायला नको.

१६ फेब्रुवारी
शेजारच्या टेबलावरची कस्तुरी म्हणाली, अगं बाई, आधी तो बापाचा सीसीटीव्ही काढ. मी हसून सोडून दिलं. ती हॉस्टेलात वाढली, तिला मागे कोणी असण्याची सवय नाही. तिचं मॉडेल चालतं, हा नशिबाचा भाग.

१९ फेब्रुवारी
धाडसी निर्णय. संस्थेचं सिक्युरिटी सॉफ्टवेअरच बंद केलं, एका दुपारपुरतं. मॉडेल सुरेख धावत होतं. पूर्ण व्हायच्या आत नेटवर्कने माझं मशीन बाहेर काढलं आणि वरून विचारणा झाली.
सेन्सेई रागावले नाहीत. चहा दिला. हिराओका-सान कमरेत वाकून माफी मागत होते, की मशीन आपण नीट तपासलं नाही. मी काहीतरी बोलायला हवं होतं. चहा गरम होता.

२६ फेब्रुवारी
अर्धे निकाल दिले. सेन्सेई म्हणाले, एप्रिलचं जरा कठीण दिसतंय. कठीण म्हणजे अशक्य नव्हे. कस्तुरी म्हणते, इथे कठीण म्हणजे तेच. मग माझ्यासाठी स्टेशनवरून ओनिगिरी, भाताचा गोळा, घेऊन आली. सीसीटीव्हीचा विषय काढला नाही.

१ मार्च, रविवार
अप्पांना सगळं सांगितलं. तुमचा प्रोग्राम काढला तर चालेल का, असं विचारलं.  ते म्हणाले, अजून आहे होय तो?
मी इकडे आले त्या पहिल्याच दिवाळीत त्यांनी कॉम्प्युटर शेजारच्या चंद्रहासकाकांना देऊन टाकला. डोळ्यांना स्क्रीन सोसवत नाही. मला कळवलं नाही, मी उगाच काळजी करत बसते म्हणून. आणि म्हणाले, बाळ, बघायचो तेव्हाही मला त्यातलं काही कळत नव्हतं. तुझी विंडो उघडी दिसली की बरं वाटायचं.

२ मार्च
काढला. मॉडेल पहिल्या खेपेला पूर्ण चाललं. निकाल सेन्सेईंना पाठवले. त्यांनी आभार मानले. एप्रिलबद्दल काही नाही.
हिराओका-सानना जाऊन खरं सांगितलं. ते हो हो म्हणाले, जसं काही माहीतच होतं.
ते टेबलापाशी उभे असतानाच कर्सर पुन्हा डावीकडे सरकला. त्यांनी खिशातून फडकं काढून टचपॅड पुसून दिला.
आता हलत नाही.