नवव्या पानावरची सही

उदगीर, मंगळवार

प्रिय सुकन्या,

तीन वर्षांनी माझं अक्षर बघून दचकली असशील. फोन तीनदा लावला आणि घंटी वाजायच्या आत तोडला, म्हणून हे पत्र. मुलींच्या वसतिगृहाच्या जेवणाचं टेंडर पुन्हा निघालंय. पुढच्या शुक्रवारी भरायचं. आधीच्या कामाचा दाखला आपल्या दोघींच्या खानावळीच्या नावावर आहे, म्हणून प्रत्येक पानावर तुझीही सही लागते. हे काम हातचं गेलं तर खानावळीला कुलूपच लावावं लागेल.

दोन दिवस लिहितेय, खोडतेय. काल आमटीत मीठ दोनदा पडलं. 'सेवा कशी द्याल' या पानावर आधी 'दर्जा, स्वच्छता, सचोटी' असलं काहीबाही लिहिलं आणि वाचून माझी मलाच लाज वाटली. असं कुणीही लिहील. मग तुझा जुना मसुदा काढला. परीक्षेच्या दिवसांत नाश्ता सहाला. आजारी मुलीला मऊ भात खोलीवर. उपवासाची नावं आदल्या संध्याकाळी विचारून ठेवणार. वाचणाऱ्याला समोर ताट दिसतं गं. तेच जसंच्या तसं उतरवलं.

तुझी मावशी बाजारात भेटते. तू भावाच्या दुकानात ब्लाउजपीस दाखवत बसतेस म्हणाली. शंभर ताटांचा अंदाज नुसत्या डोळ्यांनी घेणारी तू! मला ते ऐकवलं नाही.

आमच्या ह्यांनी बजावलंय, "आधी सही घेऊन ये. बाकीचं मग सांगत बस." व्यवहाराचंच बोलले, पण मला ते जमेना.

गेल्या वेळी एका पानावर सही नाही म्हणून आपलं टेंडर बाद झालं. सह्या-शिक्क्यांचं काम तुझ्याकडे होतं, सगळे तुलाच बोलले, आणि तू स्वतःला दोष देत नांदेडला निघून गेलीस. सुकन्या, ते नववं पान, 'सेवा कशी द्याल'चंच, मी बदललं होतं. तू सह्या करून घरी गेल्यावर तुझा साधा मसुदा काढला, माझं गुळगुळीत पान घातलं आणि त्यावर सही घ्यायची विसरले. हे आज कळलेलं नाही. टेंडर उघडताना साहेबांनी पानाचा नंबर वाचला तेव्हाच कळलं होतं. बाहेर येऊन तू रडत माझी माफी मागत होतीस आणि मी तुझी पाठ थोपटत गप्प राहिले. टेंडरचे कागद मुद्दाम सोबत पाठवले नाहीत. आधी हे वाच. बोलावलंस तर ते घेऊन सोमवारी येते. नाही बोलावलंस, तर का ते मला ठाऊक असेल.

अजून म्हणू देत असशील तर, तुझीच
गौरम्मा