अंगणातला पिकप

३ मार्च, मंगळवार
पिकप बघायला एक म्हातारा आला. जन्म गॅरेजात गेलेला, आता घरी बसलेला. हे गेल्यापासून गाडी अंगणात नुसती उभी. मुलगा फोनवर सारखा म्हणतो – आई, भंगारात दे. भंगारवाला तुझा सासरा लागतो का, म्हटलं. विकायची पाटी मीच लावली. भाव मनाला येईल तो सांगितला, मोठा. म्हाताऱ्याने बॉनेट उघडून बराच वेळ बघितलं. "बाई, एवढ्या पैशात विमान येईल." चहा घेऊन गेला.

१० मार्च, मंगळवार
परत आला. खाली वाकून गंज दाखवला, भाव खाली आणला. मी वर नेला. "असं उलटं कुठं असतं का?" माझ्या अंगणात असतं, म्हटलं.

१४ मार्च, शनिवार
कोणी नाही. फोनही नाही. रेडिओशी भांडले.

१७ मार्च, मंगळवार
आज दरवाजे. लोहचुंबक आणलं होतं – पुट्टी भरलेल्या जागी चिकटत नाही म्हणे. दोनदा निसटलं. "याचे पैसे कमी करा." पुढच्या मंगळवारी स्टिअरिंग बघा, मग बोलू, म्हटलं. हसला. दात कमी आहेत, म्हणून बिस्किटं मऊ आणली होती. भाव पटला तर हा परत कशाला येईल?

२४ मार्च, मंगळवार
मुलाने गिऱ्हाईक पाठवलं. काळा चष्मा. निम्मा भाव बोलला. मला बरंच वाटलं, जाईल आल्या पावली. तर स्टिअरिंगपाशी बसलेल्या म्हाताऱ्याने मध्ये तोंड घातलं. इंजिन मूळचं आहे, चासी सरळ आहे, असले भाग आता मिळत नाहीत. "पुट्टी धरूनच सांगतो," म्हणाला आणि आकडा बोलला. "बाई, याच्याखाली एक पै उतरू नका. वरही मागू नका. हाच खरा भाव."
चष्म्याने मुकाट मोजले. खरा भाव हातात पडल्यावर नाही कुठल्या तोंडाने म्हणू? गाडी गेली. म्हातारा चहा न घेताच गेला.
एवढा खरेपणा मागितला होता कोणी याला?

२८ मार्च, शनिवार
मुलगा खूश. "सुटलीस बघ, आई." हो, सुटले. अंगणात तेलाचा काळा डाग राहिलाय. घासला नाही.

३१ मार्च, मंगळवार
म्हातारा आला. गाडी तुमच्यासमोरच गेली की, म्हटलं. "माहितेय." डागाभोवती एक फेरी मारली, वाकून बोट लावून बघितलं. "याचं काय घ्याल?"
चहा ठेवलाय. भाव मोठाच सांगणार.