लठ्ठ उंदराची कात्री आणि पपईचा संभारो

१८ ऑगस्ट १९९६, रविवार.
शोध लागला! माझ्या पोटाला जेवण जबाबदार नाही. इंग्रजी मासिकात वाचले, डिक्शनरी शेजारी ठेवून. मेंदूत आणि ग्रंथींत हार्मोन आधी लांबलचक साखळीच्या रूपात तयार होते. मग एन्झाइमे कात्रीसारखी ती कापून कामाचा तुकडा वेगळा काढतात. तुकड्याची उरलेली शेपटी छाटणाऱ्याचे नाव कार्बॉक्सिपेप्टिडेज ई. ही कात्री बिघडलेला उंदीर लठ्ठ होतो. फोटो आहे. हनुवटी थेट माझी.
माझे वजन ८८ किलो. कारण: बोथट कात्री. बायकोला, निरुपमाला, समजावले. म्हणाली, त्या उंदरापासून कोणी डबे लपवत नसेल.

२० ऑगस्ट.
उपायही सापडला. कच्च्या पपईत पपेन असते. तेही प्रथिने कापणारे एन्झाइम. कात्री ती कात्री! आणि बडोद्यात बेसनाच्या तळलेल्या फाफड्याबरोबर कच्च्या पपईचा संभारो, म्हणजे फोडणीचा कीस, मिळतोच. सारे शहर औषध फुकट वाटते आहे, कोणाला पत्ता नाही.
लहरीपुऱ्यातल्या फाफड्याच्या दुकानात नुसता संभारो मागितला. दुकानदार म्हणाला, फाफडा वगर संभारो ना मळे, काका. नाइलाज. पाव किलो फाफडा घेतला. फाफडा हे केवळ वाहन.

२५ ऑगस्ट.
निरुपमा म्हणते, मी घरी पपई किसून देते. नको म्हटले. प्रयोगात मध्येच साधने बदलायची नसतात.

१ सप्टेंबर, रविवार.
मेहुणा शरच्चंद्र आला. कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवतो. तो विज्ञान बोलतो पदवीच्या जोरावर, मी स्वतःच्या जोरावर. म्हणाला, भावोजी, पपेन पोटातच पचून जाईल, मेंदूपर्यंत कोण पोचवणार? आणि केस कापायची कात्री पत्र्याला चालते का?
मी सरळ आव्हान दिले. गणपतीत मंडळाच्या व्याख्यानाला स्टेजवर काट्यावर उभा राहीन. ८४च्या वर भरलो तर जन्मात विज्ञानावर बोलणार नाही. आमच्या नागरवाड्यातल्या मंडळाचे अध्यक्ष हिंमतराव तिथेच चहा पीत होते. बशी खाली ठेवून म्हणाले, ठरावच करून टाकू. फारच उत्साहाने म्हणाले.
मंडळात विज्ञानावर वर्षानुवर्षे मीच बोलतो. ते बोलणे गेले तर माझ्याकडे उरले काय? पण जाणारच नाही.

८ सप्टेंबर.
पँटचा हूक लागत नाही. लाँड्रीवाल्याने पँट आटवली. डोस दुप्पट केला. सोबत जिलेबी. संभारो तिखट असतो, उतारा हवा.

१५ सप्टेंबर.
वजन मुद्दाम केले नाही. आधीच आकडा कळला की निरीक्षणात पक्षपात शिरतो. भाषण पाठ. तक्ते स्वतः काढले: साखळी, कात्री, उंदीर. उंदीर विशेष साधला आहे. निरुपमाने विचारले, स्वतःचे चित्र कशाला काढलेत?

१९ सप्टेंबर.
मंडळ गच्च. हिंमतरावांनी काटा आणवला तो फाफडेवाल्याचा, बेसनाच्या गोण्या तोलायचा. सोबत तोही आला.
९२.
चपला काढल्या. चष्मा काढला. ९२.
काट्यात दोष आहे म्हणालो. फाफडेवाला मागून ओरडला, काका, आपणा काटामां फरक ना होय! लोक बाकांवर थापा मारून हसले. मीही हसलो.
शरच्चंद्राने माझेच तक्ते लावून व्याख्यान दिले. चांगले दिले. उंदराला टाळ्या पडल्या.

२० सप्टेंबर.
निरुपमाने कच्ची पपई किसली. मोहरी, हिरवी मिरची. बशी पुढे ठेवली. फाफडा नाही.
आज प्रथमच नुसता संभारो खाल्ला.
मला तो मुळीच आवडत नाही.