मी विझवते म्हणाले होते

८ नोव्हेंबर

आली एकदाची शेगडी! खोक्यावर मोठ्या अक्षरांत फायर पिट लिहिलंय, पण आहे ती तीन पायांची लोखंडी परातच. थंडीच्या दिवसांत घरामागच्या लाकडी डेकवर शेकत बसायचं म्हणून नवरोबांनी हौसेने मागवली, दौऱ्यावर निघायच्या आधी जोडून दिली, आणि मग डेकच्या मधोमध उभं राहून माहितीपुस्तिका खड्या आवाजात वाचून दाखवली. लाकडी फळ्यांवर थेट ठेवायची नाही, खाली फरशा घालायच्या. भिंतीपासून लांब, कठड्यापासून लांब, वर छप्पर नको. वारा असेल तर पेटवायची नाही. जाळीचं झाकण काढायचं नाही. पाण्याची बादली हाताशी. आणि राख गार होईपर्यंत जागचं हलायचं नाही. "कळलं का?" मी म्हटलं, "हो सर, परीक्षा कधी?" बाबा खुर्चीत खुदकन हसले.

बाबा म्हणजे माझे सासरे. डेकला ते ओटा म्हणतात. सकाळी उठून स्वतः चहा करतात आणि तिथेच घेतात. माझाही कप तिथे आणून ठेवतात, बशीने झाकून. सासूबाई गेल्यापासून एक दिवस खंड नाही. जन्मभर औषधांचं दुकान चालवलं, बाटलीवरचं नाव दोनदा वाचल्याशिवाय कुणाच्या हातात दिली नाही. हल्ली त्यांचा चष्मा फ्रिजमध्ये सापडतो, ती गोष्ट वेगळी.

११ नोव्हेंबर

उद्या आमच्या चष्म्याच्या दुकानातल्या तिघी येणार. फरशा गॅरेजमध्ये, खोकं अजून फोडलेलं नाही. भलत्याच जड आहेत. उद्या बघू.

१३ नोव्हेंबर

लिहू नये असं वाटतंय. पण मग सांगू कुणाला?

काल मजा आली, ते खरं. फरशा आणल्याच नाहीत. एका संध्याकाळने काय होतंय, म्हटलं. आमच्या दुकानातली लेन्सवाली — काचा घासते म्हणून आम्ही तिला तेच म्हणतो — आल्या आल्या म्हणाली, "अगं, खाली काहीतरी घाल, लाकूड आहे." मी म्हटलं, "तू काचा सांभाळ!" सगळ्या हसल्या. मीही हसले. बटाटे भाजायचे म्हणून जाळी काढली ती परत ठेवलीच नाही. बादली भरायची राहिली.

त्या गेल्या तरी बाबा शाल गुंडाळून तिथेच बसले होते. "ऊब आहे गं, बसतो जरा." मी म्हटलं, "बसा. तुम्ही काही करू नका, शेकोटी मी विझवते." आत आले, भांडी घासली, पलंगावर पाच मिनिटं टेकले — आणि डोळा लागला. बाबा कधी झोपायला गेले, कळलंही नाही.

सकाळी वासाने जाग आली. शेगडीखालच्या फळ्यांच्या फटीतून धूर येत होता. पाच-सहा बादल्या ओतल्या तेव्हा थांबला. चार फळ्या कोळसा झाल्या, खालची तुळईही काळी पडलीय. भिंतीपर्यंत पोचलं असतं तर! भिंतीच्या पलीकडे बाबांचीच खोली आहे.

बाबा काठी टेकत बाहेर आले. काठीच्या टोकाने एक जळकी फळी दाबून पाहिली. मग म्हणाले, "शेवटी मीच बसलो होतो ना इथे? मी तशीच सोडून गेलो?"

मी हातात रिकामी बादली घेऊन उभी. तोंड उघडलं आणि त्यातून काय आलं — "असू द्या बाबा. होतं असं."

समजूत घालण्याच्या सुरात! जणू मीच त्यांना माफ करतेय. कुठून आला तो सूर? लाज वाटते, लाज. आणि बाबांनी मान डोलावली.

१४ नोव्हेंबर

आज सांगायचंच, असं ठरवून उठले. नाही सांगितलं.

१५ नोव्हेंबर

डेकवर कप नव्हता. बाबा स्वयंपाकघरात गॅससमोर हात मागे बांधून उभे होते. "चहा तू कर गं. माझ्या हाताचा भरवसा राहिला नाही."

केला. दोघांनी आतच प्यायला. मी हवेबद्दल काहीतरी बडबडत राहिले.

१७ नोव्हेंबर

नवरा परत आला. मी आधी सांगणार होते, पण बाबा दारातच थांबले होते. "मी घर जाळत होतो रे. हिने वाचवलं."

नवऱ्याने फळ्या पाहिल्या, शेगडी पाहिली आणि ती गाडीत टाकून कुणाला तरी देऊन आला. संध्याकाळी गॅसची बटणं काढून कपाटात ठेवली. मला जवळ घेऊन म्हणाला, "एकटीने सगळं निभावलंस." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तरी हूं की चूं केलं नाही. वर त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं!

बटणं त्याने काढली, पण बाबांनी ती स्वतः पुसून एका डबीत घालून दिली होती. हरवू नयेत म्हणून.

१९ नोव्हेंबर

फळ्या जळल्याचं दुकानात कळलं होतंच. लेन्सवालीने विचारलं, "घरी काय म्हणाले गं? तरी तुला म्हटलं होतं." मी म्हटलं, "सांगून टाकलं सगळं, थोडं ऐकून घेतलं, झालं." सराईतासारखं! एक थाप पचली की दुसरी आपोआप सुचते. दिवसभर गिऱ्हाइकांना अक्षरांचा तक्ता दाखवत होते आणि कुणाच्या नजरेला नजर देववत नव्हती.

बाबा आता आंघोळीचा गीझर लावायलाही मला हाक मारतात. रेडिओ बंद केला का, हे तीनदा बघून येतात. पेपरही वाचत नाहीत, नुसता हातात धरून बसतात. चष्मा विसरणारा माणूस होता, एवढंच. मी आठवड्याभरात त्याचा म्हातारा करून टाकला.

२१ नोव्हेंबर

नणंदेचा फोन, स्पीकरवर. तिच्या गावात वृद्धांसाठी एक निवास आहे, ती बघून आलीय. "स्वच्छ आहे, नर्स असते, बाग आहे. वहिनी, तू नोकरी करणार की त्यांच्या मागे फिरणार? उद्या तू घरी नसताना काही पेटलं तर?" नवरा नुसता हं हं करत होता. उद्या ती येणार, फोटो घेऊन.

बाबांना इथून उठवणार. माझ्या झोपेपायी!

२२ नोव्हेंबर

सांगितलं. सगळ्यांच्या देखत.

नणंद मोबाइलवर खोल्या दाखवत होती. बाबा शहाण्या मुलासारखे एकेक फोटो बघत होते. एका फोटोवर थांबून त्यांनी विचारलं, "इथे सकाळी बाहेर बसायला मिळतं का?" ते ऐकलं आणि मला राहवेना. म्हटलं, "बाबांनी काही केलेलं नाही. माझ्यामुळे जळलं. फरशा मी घातल्या नाहीत, जाळी मी काढली. विझवते म्हणाले आणि झोपले."

मग नणंदेने डोळे पुसले. बाबांनी माझ्या हातावर थोपटलं.

मला आधी समजेचना. आपल्यावर ओरडतील, निदान रागाने बघतील, याची मनाची तयारी करून बसले होते. नवरा हळूच म्हणाला, "असू दे गं. तुझं मन कळतं आम्हाला." मी ओरडले — "मन कसलं! खरं सांगतेय!" गॅरेजमध्ये धावले, फरशांचं खोकं ओढत आणून टेबलापाशी आपटलं. चिकटपट्टीसुद्धा निघालेली नाही, बघा! नवऱ्याने बघितलं. "फरशा नव्हत्या, मान्य. ती चूक आहेच. पण शेवटी जो बसला होता त्याने विझवायला नको होती?"

"मी विझवते म्हणाले होते!"

बाबा अगदी मऊ आवाजात म्हणाले, "नाही गं. तसं म्हणाली असतीस तर मला आठवलं असतं."

त्याच दिवशी बादली हातात असताना बोलले असते तर ते खरं ठरलं असतं. आज, त्यांना न्यायची बोलणी चालू असताना बोलले, तर तेच खरं सगळ्यांना दयेपोटी मारलेली थाप वाटतंय. हे माझंच कर्म. दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवायला जागा नाही.

निजताना नवरा म्हणाला, "फार मोठं मन आहे तुझं." मी पाठ फिरवली.

२३ नोव्हेंबर

लेन्सवालीला गाठलं, खरं काय ते तिला आधी सांगितलं. तिने हातातली काच खाली ठेवली. मग म्हणाली, "मी येते घरी. फरशांचं मी सांगेन. पण विझवायचं तू म्हणालीस, ते मी कुठे ऐकलं? आम्ही तर निघालो होतो."

ते फक्त बाबांनी ऐकलं होतं.

२४ नोव्हेंबर

निवासाला होकार कळवला. नवऱ्याने नाही, नणंदेनेही नाही. बाबांनी स्वतः फोन केला, मी दुकानात असताना. शुक्रवारी जाणार. नवऱ्याने विचारलं, एवढी घाई का? तर म्हणाले, "त्या पोरीला माझ्यापायी खोटं बोलावं लागतंय. तेवढं मला सोसत नाही."