चौथी पास

गुरुजी, तुम्ही मला पहिल्यांदा रागावलात ते यवतमाळच्या तुरुंगात, मुलाखतीच्या खोलीत, आणि तेही कैद्यासमोर. मी तेव्हा कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला होते. कोर्टाची भाषा ज्यांना कळत नाही अशा कच्च्या कैद्यांचा अभ्यास एका संस्थेने काढला होता आणि सुट्टीत त्यांचे फॉर्म भरून आणायचं काम माझ्याकडे होतं. त्या वर्षांत आपल्या जिल्ह्यात फॉर्म घेऊन फिरणारे फार झाले होते. कापसाचं विचारायचे, घरातलं कोण गेलं ते विचारायचे, फोटो काढायचे आणि जीपमध्ये बसून निघून जायचे. तुरुंगाचं कोणी विचारत नव्हतं, म्हणून मला माझं काम वेगळं वाटायचं, आणि खरं सांगायचं तर मी स्वतःही.

मुकुटबनला तुमच्या घरी आले ती दुभाषी शोधत. कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे पाड्यावर, जन्म काढलेले एक निवृत्त मास्तर आहेत, त्यांना कोलामी घरच्यासारखी येते, असं कोणीतरी सांगितलं होतं. तुम्ही घरात एकटेच, चुलीपुढे भाकरी थापत बसला होता. मागे फळीवर बुद्धाची मूर्ती आणि तिच्याशेजारी जुन्या वह्यांचा गठ्ठा. मी कैद्याचं नाव सांगितलं आणि तव्यावरची भाकर उलटायची राहूनच गेली. "हा तं माह्या शाळेतला व्हय," तुम्ही म्हणालात. "दुसऱ्या रांगेत बसे. काय केलं त्यानं?" मी सांगितलं, एका व्यापाऱ्याच्या आवारात कापसाच्या गंजीला आग लागली, राखणदार जळून मेला, आणि यानं मॅजिस्ट्रेटसमोर गुन्हा कबूल केलाय. तुम्ही तवा खाली उतरवलात. करपलेली भाकर स्वतःच्या ताटात घेतलीत आणि चांगली मला वाढलीत.

चार दिवसांनी आपण एसटीनं यवतमाळला गेलो. तो समोर येऊन उभा राहतो. तिशीही न गाठलेला, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे डाग. तुम्हाला बघून त्याच्या हातांची आपोआप छातीशी घडी होते, शाळेत होत असेल तशी. मी फॉर्म काढते. वकील मिळाला का? हो. आरोप समजावून सांगितला का? हो. जेवण नीट मिळतं का? हो. तो मराठीतच उत्तरं देतोय म्हणून तुम्हाला मधे न घेता मी भराभर खुणा करत जाते. तिसऱ्या पानावर तुम्ही माझ्या हाताखालून फॉर्म ओढून घेता, पालथा ठेवता आणि शाळेतल्या आवाजात त्याला मराठीत विचारता, "काल तू पुण्याले गेलता ना?" "हो गुरुजी." "तुले चार बायका हायेत ना?" "हो गुरुजी." दारातला शिपाई हसला. तुम्ही माझ्याकडे वळलात. "पोरी, तू इचारून नाई राह्यली. तू कागद भरून राह्यली. हे जिल्हाभर असंच केलं का तुनं?"

तोवरचे सगळे फॉर्म माझ्या पिशवीत होते आणि त्यांत 'हो'शिवाय फारसं काही नव्हतं. लाज वाटायचं कारण आणखी एक होतं, ते तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही. मी पुसदजवळच्या बंजारा तांड्यावरची. घरी याडीशी, म्हणजे आईशी, गोरबोली बोलणारी मी पहिलीत मराठी शाळेत बसले, तेव्हा वर्षभर मीही बाईंना फक्त 'हो' म्हणत होते. ते मी साफ विसरले होते.

मग तुम्ही जमिनीवर बसलात, त्यालाही बसवलंत आणि कोलामीत बोलायला लागलात. आधी तो एकेक शब्द बोलला. मग जे बोलायला लागला ते थांबेना. मधेच दोन्ही हात पुढे करून काहीतरी ओढल्यासारखं दाखवत होता. मला एक अक्षर कळत नव्हतं, पण हा माणूस मघाचा नाही एवढं कळत होतं. बाहेर आल्यावर चहाच्या टपरीवर तुम्ही सांगितलंत, की आग लागली तेव्हा तो पलीकडे कापसाच्या बैलबंड्या खाली करत होता. राखणदाराला ओढून काढायला तोच आत शिरला. मग साहेबांनी मराठीत विचारलं, तिथं होतास ना? हो. हात लावला ना त्याला? हो. मेला ना तो? हो.

मी कबुलीजबाबाची नक्कल दाखवली. तुम्ही चष्मा पुसून एकेक ओळ वाचलीत आणि एका ठिकाणी बोट ठेवलंत. 'तुला कोणी मारहाण केली किंवा धमकावले काय?' पुढे लिहिलं होतं, 'नाही.' "साऱ्या कागदात एवढंच एक 'नाही' हाये," तुम्ही म्हणालात. "त्याले साहेबापुढं 'नाही' म्हनता येत नाई. हे 'नाही' कोनाचं?" चहा तसाच निवत होता. मग हळूच म्हणालात, "अन् ते 'हो' माहं हाये. इन्स्पेक्टर येत शाळा तपासाले. पोट्टे गप्प राहत, म्हनून म्याच शिकवलं, काहीबी इचारलं तं हो म्हना."

खटला उभा राहिला तेव्हा त्याच्या वकीलबाईंनी तुम्हाला साक्षीला बोलावलं. इस्त्रीचा पांढरा सदरा घालून तुम्ही आला होता. आरोपीला मराठी कळत नाही, हे तुम्ही नीट सांगितलंत. मग सरकारी वकील उठले आणि त्यांनी शाळेचा एक दाखला पुढे केला. चौथी उत्तीर्ण. मराठी विषयात उत्तीर्ण. खाली तुमची सही.

"ही सही तुमची?"

"हाव, माहीच."

"मग तेव्हा खोटं लिहिलंत, की आता खोटं सांगताय?"

पिंजऱ्यात तो उभा होता. तुम्ही आधी त्याच्याकडे बघितलंत, मग न्यायाधीशांकडे. "साहेब, तवा खोटं लिहिलं. याचंच नाई, साऱ्या पोडाचं लिहिलं. नापास केले असते तं शाळा बंद पडली असती." नंतर तुम्हीच कोलामीत त्याला हे सांगितलंत. त्यानं मान खाली घातली. मला वाटलं, तो घाबरला असेल.

त्याला जन्मठेप झाली. निकालात तुमच्याबद्दल एकच वाक्य होतं, की स्वतःच्या सहीची किंमत न राखणाऱ्या साक्षीदारावर विश्वास ठेवता येत नाही. स्टँडवर वणीच्या गाडीची वाट बघताना तुम्ही विचारलंत, "तो दाखला त्यायच्यापाशी कसा गेला असंल, पोरी?" मी म्हणाले, "शाळेतून मागवला असेल, गुरुजी." तुम्ही म्हणालात, "असंल."

तो मी दिला होता. फॉर्मवर शिक्षणाचा रकाना होता, तो भरायला मी पोडावरच्या शाळेतून नक्कल आणली होती. कोर्टाच्या व्हरांड्यात सरकारी वकिलांच्या सहायकानं सहज विचारलं, शिकलेला आहे का हो तुमचा माणूस? मी मोठ्या अभिमानानं कागद काढून त्याच्या हातात दिला. शिकलेला आहे म्हटल्यावर त्याच्याशी जरा नीट वागतील, असं वाटलं मला. वकीलबाईंना विचारायचंही सुचलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात तुम्ही गेलात. गावातून मला कळवलं होतं, पण परीक्षेचं कारण सांगून मी आले नाही. अपील नागपूरला पडून राहिलं. शेवटी अपिलात तो सुटला तेव्हा तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली होती. त्याला आणायला मी गेले. एसटीत शेजारी बसून तो माझ्याशी मराठीत बोलला, भराभर, हिंदी मिसळलेल्या मराठीत. तुमच्या शाळेत जे झालं नाही ते तुरुंगात झालं होतं. तुम्ही गेल्याचं मी सांगितलं तेव्हा तो खिडकीबाहेर बघत राहिला. राळेगावचा फाटा मागे गेल्यावर म्हणाला, "ताई, एक इचारू का? आमच्या घरात चौथी पास झालेला मी पयला. बापानं गूळ वाटला होता. गुरुजी कोर्टात म्हनले, ते खोटं होतं. मले सोडवाले म्हनले ना तसं? पास तं होतो ना मी?"

मी म्हणाले, "हो. पास होतास."

आता मीच कायदा शिकणाऱ्या मुलामुलींना तुरुंगात मुलाखतींना नेते. आदल्या दिवशी त्यांना तुमच्याबद्दल सांगते. पुण्याचं, चार बायकांचं, त्या एका 'नाही'चं. मुलं वहीत लिहून घेतात. कोर्टात तुम्ही खरं बोललात, तिथे मी थांबते. हे पत्र कुठे पाठवायचं नाही म्हणून लिहिता तरी आलं. परवा एका मुलीनं हात वर करून विचारलं, "मॅडम, पण तो दाखला त्यांच्याकडे गेला कसा?"

शाळेतून मागवला असेल, असं मी तिला सांगितलं.